पाणमांजराचं बीळ कसं ओळखायचं? आणि ते खातं काय काय?

काठावरचा: आमच्या नदीच्या वळणावर एक सपाट खडक आहे, तिथे सकाळी काळपट चिकट विष्ठा दिसते. जुनी झाली की पांढरट पडून भुगा होतो आणि त्यात माशांचे खवले, बारीक काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे, वासही माशासारखाच उग्र. एकदा पहाटे पाणमांजर दिसलं पण, डोकं वर काढलं, बघितलं आणि बुडी. जवळच झाडाच्या मुळांखाली भोक आहे, तेच घर असेल का? काही जण म्हणतात हे सगळे मासे संपवणार, खरंय का हे?

खवले: विष्ठा पाणमांजराचीच वाटतेय. मासे मुख्य, त्यातही सुस्त पोहणारे आधी सापडतात, मग खेकडे, बेडूक, पाण्यातले किडे, क्वचित पक्षी. छोटा मासा पाण्यातच खातं, मोठा असला की काठावर आणून. गढूळ पाण्यात मिशांनी हालचाल कळते. अंगावर समुद्रातल्या सील प्राण्यासारखा चरबीचा जाड थर नाही, दाट केसांत अडकलेली हवाच ऊब देते, म्हणून खाणं भरपूर लागतं, दिवसाला वजनाच्या साधारण १० ते २० टक्के. पण एक पाणमांजर कित्येक किलोमीटर नदी फिरतं, एकाच डोहात बसून मासे संपवत नाही.

मुळाखाली: भोक असलं म्हणजे घर असं नाही हो. एकाच पाणमांजराच्या विसाव्याच्या जागा बऱ्याच असतात, मुळांखालची पोकळी, खडकातली कपार, दाट झाडोरा. बऱ्याचदा दुसऱ्याचंच बीळ वापरतात, उत्तर अमेरिकेत तर बीव्हरनं (पाण्यात राहणारा, झाडं कुरतडणारा प्राणी) सोडलेली घरं. काही बिळांचं तोंड पाण्याखाली असतं, काठावरून दिसणारच नाही. पिल्लांचं बीळ मात्र वेगळं, शांत, पुराचं पाणी चढणार नाही असं, कधी पाण्यापासून बरंच लांब. पिल्लांचे डोळे उघडायलाच महिनाभर लागतो आणि साधारण दोन महिन्यांची झाली की आई पोहायला शिकवते, सुरुवातीला ती पाण्यात जायला घाबरतात!

काठावरचा: भोकापाशी कॅमेरा लावू का मग?

मुळाखाली: नको, प्लीज. आत पिल्लं असली आणि माणसाचा वावर जाणवला तर आई त्यांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, त्यात पिल्लू दगावू शकतं. कॅमेरा त्या खडकाकडे तोंड करून लांबून लाव. तिथे पाणमांजरं पुन्हा पुन्हा येतात, वासाची खूण ठेवायला.