मदत हवी आहे: नेटवरचं काम सोडून ज्वारी आणि कडक भाकरीत उतरायचंय, कसं जमवावं?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते, माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. बरीच वर्षं घरी बसून ऑनलाइन दुकानांचं काम करते. मालाची वर्णनं लिहायची, फोटो चढवायचे, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. काम वाईट नाही. त्यावर मुलांच्या फिया भरल्या, घराचा हप्ता फिटत आला. पण आता वर्णनं यंत्रच लिहून देतं, मी नुसती तपासायची, आणि दरही त्या मानानं उतरलेत. परवा नणंदेनं सहज विचारलं, "हे नेटचं काम नसतं तर वहिनी तुम्ही काय केलं असतं?" मला विचारच करावा लागला नाही. ज्वारी.

आधीच सांगते, मला फार्महाऊस बांधायचं नाही आणि हुरडा पार्टीही भरवायची नाही. त्यात पाहुण्यांचं करण्यातच दिवस जातो. मला रानात पिकलेली ज्वारी पाकिटातल्या कडक भाकरीपर्यंत स्वतःच्या देखरेखीखाली न्यायची आहे. कुठल्या रानाची, कधी काढलेली, कोणी थापलेली, हे सगळं मला ठाऊक असलं पाहिजे.

माझ्या वडिलांची, आप्पांची, आठ एकर कोरडवाहू आहे. पाच एकर खोल काळी, बाकीची मुरमाड. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही शेवटी शेवटी पडणारा, म्हणून आमच्या भागात खरीप सोडून रब्बी धरतात. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस रानात मुरला की पेरायचं आणि पुढं चार महिने त्याच ओलीवर पीक काढायचं. हे मला फार मोठं वाटतं. पाणी न देता, थंडीतल्या दवावर आणि जमिनीच्या पोटातल्या ओलीवर कणीस भरतं. आप्पा तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी चुकवत नाहीत. तण मरतं हा एक भाग, पण खरं काम भेगा बुजवण्याचं. काळ्या रानाला भेग पडली की ओल तिथूनच उडून जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरी त्याचा उपयोग कसा करायचा हे कोणालाच माहीत नाही. अडतीवर पोतं टाकलं की दाणा कुठल्या रानातला हे कोणी विचारत नाही.

आता भाकरीचं. आईच्या हातची कडक भाकरी दोन-दोन महिने टिकते. ती आधणाचं पाणी पिठात ओतून आधी उलथन्यानं कालवते, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या मुळानं रगडते. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळं जी काही चिकटी यायची ती या गरम पाण्यानंच. पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे ही चिकटी, जाते आणि भाकरी कडेला फाटते. एरवीपेक्षा पातळ थापून तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग आच मंद करून कापडाच्या बोळ्यानं कडा दाबत शेकत राहायचं. शेवटी चुलीच्या कडेला उभी करून ठेवते. झाली की नाही ते टिचकी मारून बघते. खणखणीत वाजली तर झाली, बद्द वाजली तर आत वाफ आहे, परत तव्यावर. एवढं मला येतं. रोज शेकड्यानं करायचं म्हणजे काय, ते येत नाही.

तर माझे प्रश्न. एक तर काढणीचा. ज्वारी उपटायला माणसं मिळत नाहीत, आप्पा दरवर्षी याच चिंतेत असतात. मशीननं कापली तर कडबा जातो, आणि आमच्याकडं कडब्याचे पैसे दाण्याच्या बरोबरीनं धरतात. यावर कोणी काही तोड काढली आहे का? दुसरं, मुरमाड तीन एकरात काय पेरावं? आप्पा सगळीकडं मालदांडी हे ज्वारीचं जुनं वाणच टाकतात. तिसरं, भाकरी करणाऱ्या बायकांना नगावर मजुरी द्यावी की दिवसावर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्यापैकी कोणी नेटवरचं काम सोडून असं मनातलं काम धरलं असेल, तर पहिल्या वर्षी घरखर्चाचं कसं निभावलं? "मनाचं ऐका" एवढंच कृपया लिहू नका. मन ठरलेलं आहे, हिशोब बसत नाही.

बार्शीकर:
ताई, कडू वाटेल पण लिहितो. शेती आणि भाकरी हे दोन वेगळे धंदे आहेत, दोन्ही एकदम अंगावर घेऊ नका. भाकरीला बारा महिने एकसारखा दाणा लागतो. तुमच्या पाच एकरात एखाद्या वर्षी हस्त कोरडा गेला तर गिऱ्हाइकाला काय सांगणार? सुगीनंतर मार्च-एप्रिलात बाजारात आवक असते तेव्हा दाणा बघून, चावून, वर्षाचा माल एकदम घ्या. बार्शीच्या यार्डात चांगली मालदांडी मिळते. कडकडीत वाळवून कोठीत भरा, नाहीतर सोंडे पडून पीठ होईल. आप्पांची ज्वारी त्यात येईल तेवढी येऊ द्या.

भीमाकाठ:
मुरमाड रानात मालदांडी टाकणं थांबवा. मालदांडी ३५-१ आपल्या मोहोळच्या केंद्रातली, चवीला तोड नाही, पण तिला निदान मध्यम जमीन पाहिजे. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली, खोल काळ्याला फुले वसुधा किंवा यशोदा. एकरी चार किलो बी, पेरताना किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचं, काणी रोग येत नाही. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यातच पेरा. पाऊस लवकर झाला म्हणून घाई केली तर खोडमाशी पोंगे खाते. सोलापुरात शेळगीला भरड धान्य संशोधन संस्थेचं रब्बी ज्वारीचं केंद्र आहे, आप्पांना घेऊन एकदा जाऊन या. तिथं रान बघून सांगतात.

भाकरीसाठी मात्र सगळ्या वाणांचं पीठ वेगवेगळं थापून बघा. जास्त उतारा देणारं वाण भाकरीला गोड लागेलच असं नाही.

पूर्वभाग:
आमचा बचत गट आहे, कडक भाकरी आणि शेंगा चटणी दोन्ही करतो. नगावरच मजुरी द्या ताई, पण एक अट घाला: टिचकीत पास झालेलीच भाकरी मोजायची. नाहीतर घाईत ओली राहते आणि पावसाळ्यात अख्ख्या पाकिटाला बुरशी धरते. जून ते सप्टेंबर हा काळ सगळ्यात वाईट. आम्ही त्या दिवसांत निम्माच माल करतो.

दुसरा तोटा तुकड्याचा. पुण्याला पार्सल गेलं की वरच्या-खालच्या भाकऱ्या फुटलेल्याच. आम्ही आता तुकडा वेगळा पाकिटात भरून विकतो. नाहीतरी आमटीत, दह्यात चुरूनच खातात, लोक आवडीनं घेतात. अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या. लहान घरगुती कामाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी चालते. पाकिटावर वजन, तारीख, नोंदणी क्रमांक नीट छापा. आणि कोरडं पीठ विकायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. विरी गेली की शिव्या तुम्हाला.

माणदेशी:
मी वेबसाइटी बनवायचं काम करायचो, आता शेळ्या आहेत. घरखर्चाचं विचारलंत म्हणून लिहितो. मी काम एकदम सोडलं नाही. सगळ्यात नियमित पैसे देणारी दोन गिऱ्हाइकं ठेवली आणि बाकीची सोडली. सकाळ जनावरांची, दुपार त्या दोघांची. नवीन कामातून आलेला पैसा पहिलं वर्ष घरात आणायचा नाही, त्याच कामात फिरवायचा, असं बायकोशी बोलून ठरवलं होतं. हे आधी बोललं नाही तर दर महिन्याला तोच वाद होतो. तुमच्या घरच्यांचं काय म्हणणं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

माणदेशी दादा, घरी यांचा विरोध नाही, पण हप्ता संपेपर्यंत थांब असं म्हणणं आहे. तुमची दोन गिऱ्हाइकांची गोष्ट आज रात्रीच यांच्यापुढं ठेवते. माझीही दोन तशी आहेत, महिन्याच्या महिन्याला पैसे देणारी.

बार्शीकर दादा, तुमचा मुद्दा पटला, अर्धा. दाणा विकत घेऊन भाकरी आधी सुरू करता येईल आणि पावसाचा भार डोक्यावर राहणार नाही, हे खरं. पण आप्पांचं रान त्यात नुसती भर म्हणून येऊ द्यायला मी तयार नाही. ते आता थकलेत. मी लक्ष घातलं नाही तर पुढच्या दोन-तीन वर्षांत ते रान कोणाला तरी वाट्यानं जाईल आणि तिथं ऊस उभा राहील. खोल काळ्या, विनापाण्याच्या रानातली ज्वारी चवीला वेगळी असते हे मी लहानपणापासून खाऊन जाणते. म्हणून असं करीन म्हणते: रोजच्या पाकिटाला बाजारातली मालदांडी, आणि आमच्या पाच एकरातली ज्वारी वेगळी दळून तिची भाकरी वेगळ्या पाकिटात, रानाचं नाव घालून, असेल तेवढीच. संपली की संपली.

भीमाकाठ काका, शेळगीला आप्पा यायला तयार झालेत. अनुराधाचं बी एकाच एकरात टाकू म्हणतात, बाकी मालदांडीच. तेवढं तर तेवढं. पूर्वभाग ताई, टिचकीची अट मी आईला वाचून दाखवली, ती फार खूष झाली. तुमच्याकडं एखादा दिवस येऊन तव्याजवळ बसू का? मजुरीचा दर तेव्हाच विचारीन, इथं नको.

काढणीचं मात्र अजून कोणीच लिहिलं नाही. मंगळवेढा, मोहोळ, सांगोला भागात ज्वारी उपटणारी टोळी उक्त्यावर घेतात का, पैशावर की कडब्याच्या पेंढ्यांवर, आणि सांगून किती आधी ठेवावं लागतं? फेब्रुवारीच्या आत ठरलं पाहिजे.