पहिला फ्लॅश: कसा निवडलात, कुठे चुकलात?

कवडसा
काल कपाट आवरताना अगदी खालच्या खणात माझा पहिला फ्लॅश सापडला. सेलचं झाकण उघडलं तर आत पांढरी भुकटी. चार वर्षं सेल आत तसेच राहिले होते. फार वाईट वाटलं, कारण आईचा माझा सर्वांत लाडका फोटो याच फ्लॅशचा आहे. त्याआधी घरात काढलेले सगळे फोटो कॅमेऱ्यातल्याच फ्लॅशचे: चेहरा पांढराफटक, मागच्या भिंतीवर काळीभोर सावली, डोळे लाल. नवा फ्लॅश आला त्या संध्याकाळी त्याचं डोकं वळवून उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर मारला. आई वाचत बसली होती. फोटोत ती खिडकीशी बसल्यासारखी दिसते, आणि त्या बाजूला खिडकीच नाही! किती वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते.

निवडायला मात्र दोन महिने लागले. टीटीएल (कॅमेराच मोजून उजेड ठरवतो) की मॅन्युअल (उजेड आपण ठरवायचा), इथेच अडले. शेवटी पैसे कमी होते म्हणून मॅन्युअल घेतला. आज वाटतं, बरंच झालं. पॉवर पूर्णपासून १/१२८ पर्यंत स्वतः बदलत बसल्यामुळे उजेड कुठून येतो, किती येतो हे हाताला कळलं. एक गोष्ट नकळत बरोबर झाली, ती म्हणजे डोकं वरही जाणारं आणि दोन्ही बाजूंना वळणारंही होतं.

तुमचे अनुभव लिहा ना. स्वस्तात घेतलेले, फसलेले, सगळे.

तिपाई
गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशचा उजेड किती लांब पोचतो त्याचा आकडा!! मी फक्त तोच बघून घेतला. आकड्याचा अर्थ सोपा आहे, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला अंतर गुणिले अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा एफ आकडा). ३६ असेल तर एफ ४ ला ९ मीटर. पण तो आकडा फ्लॅशच्या डोक्याच्या कुठल्या झूमवर, म्हणजे उजेडाचा झोत किती अरुंद करून, मोजलाय ते बघायचं मला कुणी सांगितलंच नाही. गोडॉक्स टीटी६०० चा ६० हा २०० मिमी झूमवरचा, योंगनुओ वायएन५६० चा ५८ हा १०५ मिमीवरचा. म्हणजे ६० मोठा म्हणून उजेड जास्त, असं नाही. ३५ मिमीचे आकडे शेजारी ठेवून बघा. शिवाय छतावरून उडवलात की दोन-तीन स्टॉप जातातच (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). आयएसओ ४०० केलं की पोच दुप्पट होते, घरात तेवढं पुरतं. बाकी नंतर, गॅसवर काहीतरी आहे.

पानगळ
कवडसा, आईचा फोटो वाचून डोळ्यांत पाणी आलं.
पण मॅन्युअलचं पटत नाही हो. माझी मुलगी दीड वर्षाची असताना मीही मॅन्युअलच घेतला होता. ती आत्ता दाराशी, पुढच्या क्षणी मांडीवर. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट, मी पॉवर बदलेपर्यंत ती तिसऱ्या खोलीत. वर्षभराचे फोटो एक तर जळालेले, नाही तर अंधारे. मग टीटीएल घेतला. कॅमेरा आधी एक बारीक चमक सोडून मोजतो आणि मग खरा उजेड टाकतो. पळणारं मूल असेल तर थोडे जास्त पैसे घालाच, ते वय परत येत नाही.

कवडसा
हे अगदी खरं. माझी आई एका जागी बसून होती, मला सोपं गेलं.

धुकं
माझी गोष्ट वेगळी आहे. फ्लॅश चांगला, कॅमेरा चांगला, दोघांचं जमेना. चढवला, चालू केला, शटर दाबलं, काही नाही. दोनदा बदलून आणला. तिसऱ्यांदा दुकानदारानेच हॉटशू, म्हणजे कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच, नीट बघितला आणि म्हणाला, अहो, यात मधला गोल कॉन्टॅक्टच नाही! काही सुरुवातीच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत तो काढून टाकलेला असतो. त्यावर त्या कंपनीच्या भाषेत बोलणारा टीटीएल फ्लॅशच चालतो, एका पिनेचा साधा मॅन्युअल पेटतच नाही. खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. खूप मनस्ताप झाला. कृपा करून फ्लॅश घ्यायच्या आधी आपल्या कॅमेऱ्याचा हॉटशू डोळ्यांनी बघा. आणि कॅमेरा सोबत घेऊनच जा.

तिपाई
बापरे. हे माहीतच नव्हतं.

दवबिंदू
वाचतेय. एक शंका, माझ्या फोटोत खाली काळा पट्टा येतो. फ्लॅश बिघडलाय का?

धुकं
नाही नाही, बिघडलेला नाही. शटर किती ठेवलंत? १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलात की दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, फ्लॅश पडतो तेव्हा एक पडदा आड येतो. खाली आणा.

दवबिंदू
१/५०० होतं!! गेला पट्टा. खूप खूप आभार. मी तर परत करायला निघाले होते.

जुना रोल
आमच्या वडिलांच्या कॅमेऱ्यावर चौकोनी फ्लॅशक्यूब बसायचा. चार बाजूंना चार बल्ब, चार फोटो झाले की संपला. त्यामुळे वडील प्रत्येक फोटोआधी आम्हा भावंडांना पाच मिनिटं उभं करत. आमच्याकडे त्या काळातल्या एकाही फोटोत कुणी हललेलं नाही.

मुद्द्याचं. स्वस्त म्हणून फिल्मच्या जमान्यातला वापरलेला फ्लॅश घेत असाल तर ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅशच्या कॉन्टॅक्टमधून कॅमेऱ्यावर येणारं व्होल्टेज) मोजल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. व्हिविटार २८३ च्या जुन्या तुकड्यांत ते २०० व्होल्टच्याही वर असतं, नंतरच्यांत दहाच्या आसपास. बाहेरून फ्लॅश तोच दिसतो. काही कॅमेरे २५० सोसतात, काहींची मर्यादा फक्त ६. मोजणं सोपं आहे: सेल घाला, तयार असल्याचा दिवा लागू द्या, मल्टिमीटरची एक सळई मधल्या कॉन्टॅक्टला, दुसरी कडेच्या पट्टीला. माझ्या मित्राने न मोजता लावला, त्याच्या कॅमेऱ्याचा हॉटशू कायमचा गेला. हळहळ वाटते अजून.

पानगळ
कवडसा, ती पांढरी भुकटी जाते. सेल अल्कलाइन होते ना? हातमोजे घाला, कापसाच्या काडीला थोडंसं व्हिनेगर लावून पत्र्या पुसा, मग कोरड्या काडीने, नीट वाळू द्या. आमच्या टॉर्चचं असंच झालं होतं, अजून चालतो.

जुना रोल
पुसा, पण स्क्रू काढून आत जाऊ नका. कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि सेल काढले तरी राहतो. चालू झाला तर लगेच भडाभड मारू नका. थोडा वेळ नुसता चालू ठेवा, मग मध्ये थांबून थांबून पाच-सहा वेळा पूर्ण पॉवरला उडवा.

काजवा
मी किड्यांचे फोटो काढतो, अंगणातच. मला पॉवर नकोच असते. १/३२, १/६४ वर ठेवतो. पॉवर कमी तितकी चमक छोटी, १/१२८ ला साधारण १/२०,००० सेकंद. शटर नव्हे, ती चमकच पंख गोठवते! हॅरॉल्ड एजर्टनने १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला तो याच तत्त्वावर. मला ते कळलं त्या दिवशी मी दुपारभर नळाखाली थेंब टिपत बसलो होतो, बायको पाणी मागून थकली.

स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि समोर पांढऱ्या कागदाचा पडदा, एवढ्यावर माझी सहा वर्षं निघाली. मात्र ट्रिगर, म्हणजे फ्लॅश दुरून रेडिओने पेटवणारा डबा, घ्या. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला धरला की पानाच्या शिरासुद्धा उठून दिसतात. घेतानाच आत रेडिओ रिसीव्हर असलेला बघा, वेगळा डबा लावावा लागत नाही.

तिपाई
आले परत. सेलचं राहिलं. चार निकेल मेटल हायड्राइड चार्जेबल घ्या, अल्कलाइनपेक्षा लवकर तयार होतो फ्लॅश. एनेलूपसारखे, पडून राहिले तरी चार्ज फारसा न गमावणारे असले तर महिन्यांनी काढले तरी चार्ज असतो. चार्जर मात्र प्रत्येक सेल वेगळा भरणारा.

दवबिंदू
कवडसा, आई काय वाचत होत्या?

कवडसा
तिच्या आईची पत्रं. म्हणून तर तो चेहरा तसा आहे.

पुसला. पहिल्यांदा काहीच नाही. पत्र्या परत घासल्या, नवे सेल घातले, आणि आतून ती बारीक शीळ सुरू झाली! मिनिटभराने दिवा लागला. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, एवढी ओरडलीस का.

पानगळ
काय सांगता! आजच एक फोटो काढा त्यांचा.

दवबिंदू
मीही उडवून बघितला छतावर. पण आमचं छत लाकडी, सगळे पिवळेतांबूस आले. काय करू?

धुकं
भिंतीचा, छताचा रंग उजेडात उतरतोच. पांढरा थर्माकोल किंवा जाड पांढरा कागद खुर्चीला टेकवून उभा करा आणि त्यावर मारा. जितका मोठा आणि माणसाच्या जवळ, तितका मऊ उजेड. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा म्हणजे उरलेला रंग नंतर काढता येतो.

दवबिंदू
थर्माकोल आहे, टीव्हीच्या खोक्यातला. बघते आत्ता.