बायवीकली, बायमंथली हे शब्द सूचनांमधून हद्दपार करावेत का?

दोनदा_वाचा:
इंग्रजीत सूचना, करार, वेळापत्रकं लिहिणाऱ्यांना प्रश्न. बायवीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? मेरियम-वेब्स्टर दोन्ही अर्थ देतो, म्हणजे कोश उघडूनही भांडण मिटत नाही. वर्षाचा हिशेब मांडा: एका अर्थाने १०४ वेळा, दुसऱ्याने २६. बायमंथलीचं तेच, २४ किंवा ६. चूक झाली की थेट चौपटीची! माझ्या मते हे शब्द वापरूच नयेत. 'दर दोन आठवड्यांनी एकदा' असं इंग्रजीतही सरळ लिहावं. दोन शब्द जास्त लागले तर लागू देत.

उपसर्ग:
शब्दांवर कशाला खापर? इंग्रजीत 'सेमी' आहे की. सेमीमंथली म्हणजे महिन्यातून दोनदा, सेमीॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा, दुसरा अर्थच नाही. दोन वर्षांनी एकदा असेल तर बायेनियल. १८९५ साली सुरू झालेलं व्हेनिसचं कलाप्रदर्शन 'बिएनाले' म्हणवतं, ते वर्षातून दोनदा भरतं असं कोणी समजत नाही.

दोनदा_वाचा:
बायेनियल आणि बायॲन्युअल हे दोन्ही जरा फोनवर म्हणून बघा. एक दोन वर्षांनी एकदा, दुसरा वर्षातून दोनदा, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. त्यात बायॲन्युअललाही काही कोश 'दोन वर्षांनी' हा अर्थ जोडतात.

पगारपत्रक:
सरसकट हद्दपारीला माझा विरोध. अमेरिकी पगाराच्या कामात बायवीकली आणि सेमीमंथली हे पक्के पारिभाषिक शब्द आहेत. बायवीकली म्हणजे दर १४ दिवसांनी, वर्षात २६ पगार. सेमीमंथली म्हणजे बहुधा १५ तारीख आणि महिनाअखेर, २४ पगार. आठवड्याला ४० तास धरले तर पहिल्यात नेमके ८० तास येतात, दुसऱ्यात सरासरी ८६.६७. ओव्हरटाइम तिथे आठवड्यावर मोजतात आणि सेमीमंथलीत आठवडा मधोमध कापला जातो, म्हणून तासावारी कामगारांना बायवीकलीच सोयीचं.

खरी गफलत वेगळीच आहे. २६ गुणिले १४ म्हणजे ३६४. उरलेले दिवस साचत जातात आणि साधारण ११ वर्षांतून एकदा २७ वा पगार येतो. वार्षिक रक्कम डोळे झाकून २६ ने भागलेली असेल तर त्या वर्षी एक पगार जास्तीचा जातो. शब्द बदलून हे टळणार नाही.

गोळी_वेळेवर:
औषधांच्या बाबतीत मात्र मी हद्दपारीच्या बाजूने. डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या खुणा बघा: 'क्यूडी' म्हणजे रोज, 'क्यूओडी' एक दिवसाआड, 'क्यूआयडी' दिवसातून चारदा. हाताने लिहिताना क्यूनंतरचा ठिपका लांबला की तो 'आय' वाटतो आणि रोजची एक गोळी चार होते. म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने पहिल्या दोन खुणा 'वापरू नका' यादीत टाकल्या. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं. तिथे नुसतं 'वीकली'ही पुरत नाही, 'दर सोमवारी' असा वार लिहावा.

क्रॉनटॅब:
'दर दोन दिवसांनी' लिहिलं म्हणजे सुटलो असंही नाही. क्रॉनमध्ये, म्हणजे संगणकाकडून ठरल्या वेळी आपोआप काम करून घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तारखेच्या रकान्यात 'तारा-तिरकी रेघ-दोन' टाकलं की काम १, ३, ५ असं ३१ पर्यंत चालतं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी १ तारीख! सलग दोन दिवस बॅकअप. 'दर दोन आठवड्यांनी मंगळवारी' म्हटलं तरी कुठला मंगळवार, या की पुढचा? कॅलेंडरमध्ये वारंवारता साप्ताहिक, अंतर २ आणि पहिली तारीख, तिन्ही भरा. तारीख राहिली की अर्धी मंडळी भलत्याच आठवड्यात हजर.

उपसर्ग:
मग फोर्टनाइटली घ्या. चौदा रात्री, वाद संपला.

पगारपत्रक:
अमेरिकेत तो शब्द फारसा चालत नाही. आणि भाषांतरात तुम्ही त्याला 'पाक्षिक' म्हणणार. पाक्षिक अंक १ आणि १६ तारखेला निघत असेल तर वर्षाचे २४, फोर्टनाइटचे २६. म्हणजे मराठीतही सेमीमंथली-बायवीकली एकाच शब्दात.

उपसर्ग:
हे मान्य. पण द्वैमासिकाला हात लावू नका, ते दोन महिन्यांनीच येतं.