मदत हवी आहे: पांढरी वाइन सोनेरी झाली, गेली का? (घाई आहे)

गोंधळलेला_पुणेकर: इटलीतल्या मास्त्रोबेरार्दिनो या वाइन करणाऱ्या घराण्याची फियानो दी अवेल्लीनो आहे, पांढरी वाइन. घेतली तेव्हा फिकट होती, आज बघतो तर चक्क सोनेरी. संध्याकाळी साहेब जेवायला येतायत. द्यावी की नको? लवकर सांगा.

खटपट्या: साल कुठलं?

लिंबूटिंबू: पांढरी वर्षभरात संपवायची असते. ओता बेसिनमध्ये.

नेपल्सवासी: ओतू नका हो! फियानो ही द्राक्षाची टिकणारी जात आहे. चांगली असेल तर दहा वर्षांतही मरत नाही, उलट मधाचा, भाजलेल्या हेझलनटचा वास धरते. नुसत्या रंगावर जाऊ नका. आणि घराणं 1878पासूनचं आहे. महायुद्धानंतर सगळे जास्त पिकणाऱ्या जातींमागे लागले, तेव्हा आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनोंनी फियानो आणि ग्रेको धरून ठेवल्या. फियानोचं जुनं लॅटिन नाव आपियाना, मधमाश्यांवरून...

गोंधळलेला_पुणेकर: 2016. मधमाश्या राहू द्या, द्यावी का?

तूफोप्रेमी: ग्रेको दी तूफो घ्यायची ना! डीओसी (इटलीतला वाइनचा सरकारी दर्जा) तिला 1970लाच मिळालं, फियानोला 1978 उजाडलं.

नेपल्सवासी: आणि 2003ला डीओसीजी, म्हणजे त्याहून वरचा दर्जा, दोघींना मिळालं, ते नाही सांगितलंत? तपकिरी पडायची घाई ग्रेकोलाच जास्त.

बागाईतदार_निफाड: ही जात आमच्याकडे येईल का? काड्या कुठे मिळतील? एप्रिल-ऑक्टोबर छाटणी चालेल?

नेपल्सवासी: दादा, तिकडे थंडीत वेल झोपतो, छाटणी एकदाच. शिवाय माल कमी येतो, परवडणार नाही.

खटपट्या: मूळ मुद्दा. बाटली ठेवली कुठे होती?

गोंधळलेला_पुणेकर: घरातच. गॅसच्या वरच्या कपाटात, उभी.

नेपल्सवासी: अरे देवा. हे आधी सांगायचं ना! इतके उन्हाळे, खाली फोडण्या, त्यात उभी ठेवून बूच सुकलेलं. उघडून वास घ्या. मध आला तर नशीब, डागी सफरचंद किंवा व्हिनेगर आला तर गेली.

लिंबूटिंबू: मी तेच म्हणत होतो.

नेपल्सवासी: तुम्ही ते म्हणत नव्हता.

सुगरण_वसई: कोळंबीत घाला, लसूण जास्त टाका.

गोंधळलेला_पुणेकर: उघडली. बुचाचा निम्मा भुगा बाटलीत पडला. वास सफरचंदाचा, तोही डागीच. बायको म्हणते साहेबांना कोळंबी चालत नाही.

बागाईतदार_निफाड: काड्यांचं कुणी सांगेल का?