ट्रेलरची बॅटरी चार्ज होत नाही, कन्व्हर्टर गेला का?

चाकावरचं_घर:
आमचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर आहे, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बावीस फुटी. गेल्या शनिवारी इलिनॉयच्या स्टार्व्हड रॉक स्टेट पार्कला मुक्कामाला होतो. तिथल्या विजेला ३० अँपचा प्लग लावलेला, मायक्रोवेव्ह मस्त चालू. रात्री दोनला दिवे पिवळे पडले. फर्नेसचा पंखा कण्हत फिरतोय, पण आग पेटत नाही. भारतातून आलेली आई सोबत होती, दोन रजयांतही कुडकुडत होती. फार वाईट वाटलं. बॅटरीवर मीटर लावला तर ११.४ व्होल्ट. बॅटरी नवी आहे, निघायच्या आदल्या दिवशीच बसवली. ब्रेकर पडलेला नाही. नवा कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे १२ करून बॅटरी चार्ज करतो तो) मागवू का?

मिशिगनकर:
थांबा, इतक्यात मागवू नका. प्लग लावलेला असताना बॅटरीवर साधारण १३.६ दिसायला हवेत. ११.४ म्हणजे चार्जिंग पोचतच नाहीये. मायक्रोवेव्ह थेट १२० व्होल्टवर चालतो, त्यामुळे तो चालला यावरून काही कळत नाही. दिवे आणि फर्नेसचा पंखा १२ व्होल्टवर, ते रात्रभर एकट्या बॅटरीने ओढले. कन्व्हर्टरच्या आउटपुटवर मीटर लावून बघा.

निवृत्त_वायरमन:
नवी बॅटरी जोडताना काळी वायर कुठे लावलीत?

चाकावरचं_घर:
मायनसला, गाडीत लावतो तशी. ठिणगी उडाली म्हणून लगेच बदलली. आउटपुटवर शून्य येतंय.

निवृत्त_वायरमन:
तिथेच झालं. ट्रेलरच्या १२ व्होल्ट वायरिंगमध्ये काळी बहुतेक प्लस असते, पांढरी मायनस. क्षणभर जरी उलटं लागलं तरी कन्व्हर्टरचे रिव्हर्स पोलॅरिटी फ्यूज उडतात, ते त्यासाठीच असतात. प्लग काढा, बॅटरी सोडवा, मग कन्व्हर्टरच्या कडेला बघा. जेवढ्या अँपचे असतील तेवढ्याचेच नवे घाला. मोठा फ्यूज चुकूनही नको, वायर जळेल.

चाकावरचं_घर:
पलंगाखाली पोटावर झोपून टॉर्चने पाहिलं. ३० अँपचे दोन फ्यूज, दोन्हींतली पट्टी वितळलेली, प्लास्टिक काळवंडलेलं. नवे घालून प्लग लावला तर बॅटरीवर १३.७! रात्रभर चार्ज केली, सकाळी प्लग काढून तीन तास तशीच ठेवली, तरी १२.६ टिकले. फर्नेस पहिल्याच झटक्यात पेटला. दोघांचे मनापासून आभार. काळ्या वायरीच्या टोकाला आता लाल टेप गुंडाळलाय.