तारे गेल्यावर संघ कुणाच्या बळावर उभा राहतो? यूकॉनचे दोन हंगाम

रेषेबाहेरून (धागाकर्ता)
अमेरिकेतील कनेटिकट विद्यापीठाचा, म्हणजे यूकॉनचा, पुरुष बास्केटबॉल संघ लागोपाठ दोनदा नव्याने उभारावा लागला आणि दोन्ही वेळा प्रशिक्षक डॅन हर्लीच होते. २०२३ च्या राष्ट्रीय विजेतेपदानंतर सनोगो, हॉकिन्स आणि आंद्रे जॅक्सन हे पहिल्या पाचांतले तिघे निघून गेले. तरीही पुढच्या हंगामात ३७ विजय आणि अवघे ३ पराभव अशी कामगिरी करून या संघाने अंतिम सामन्यात पर्ड्यूला ७५-६० असे हरवले. २०२४ नंतर मात्र पाचांतले चौघे गेले, एकटा अ‍ॅलेक्स कॅराबन मागे राहिला, आणि नोव्हेंबरमध्ये माउईच्या स्पर्धेत तीन दिवसांत तीन पराभव पदरी पडले. माझे मत असे की, संघ उभा करतात ते मागे राहिलेले खेळाडू. पहिल्या वेळी न्यूटन आणि कॅराबन मुरलेले होते, तर सनोगोच्या मागे वर्षभर राखीव म्हणून खेळलेला क्लिंगन त्याच्या जागी आयता तयार होता. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, माणसे मिळतात, पण त्यांची एकमेकांशी झालेली सवय तिथून आणता येत नाही.

कोर्टकचेरी
आपण उदाहरण सोयीने निवडले आहे, असे मला वाटते. त्याच २०२४ च्या विजेत्या संघात कॅम स्पेन्सर रटगर्सहून आला होता, स्टेफॉन कॅसल पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता, आणि ज्या न्यूटनला आपण मुरलेला म्हणता तोही मुळात ईस्ट कॅरोलायनाहून २०२२ मध्ये आलेला. शिवाय दुसऱ्या वेळी जुने कुणी नव्हते, हेही खरे नाही. हसन डियारा त्याआधीच्या हंगामात बिग ईस्टमधला, म्हणजे यूकॉन खेळतो त्या विद्यापीठ-गटातला, सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला होता. सॅमसन जॉन्सन आणि सोलो बॉलही होतेच. मग सवय कुठे कमी पडली? पोर्टलमधली निवड या वेळी चुकली, एवढाच त्याचा अर्थ. सेंट मेरीजहून आणलेला महेनी काही स्पेन्सर ठरला नाही. आणि २०२५ मध्ये यूकॉनला ७७-७५ असे बाहेर काढून पुढे विजेता झालेल्या फ्लोरिडाकडे पाहा: क्लेटन मूळचा आयोना विद्यापीठाचा, रिचर्ड बेलमाँटचा, मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा!

तिसरा_पंच
या वादात केंटकी विद्यापीठाचा संघ विसरू नये. २०१२ च्या विजेत्या संघातले सहा जण एकाच ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक एनबीए संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, गेले, त्यांत पहिल्या दोन क्रमांकांवर डेव्हिस आणि किड-गिलख्रिस्ट. नवी गुणवान मुले आली, पण फेब्रुवारीत नोएलचा गुडघा गेला आणि हंगाम दुय्यम स्पर्धेत, रॉबर्ट मॉरिससारख्या लहान विद्यापीठाकडून ५९-५७ अशा पराभवाने संपला. पुढच्याच वर्षी मात्र पुन्हा नवख्यांच्याच जोरावर तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्यामुळे एका हंगामावरून पद्धतीचा निवाडा करणे मला घाईचे वाटते.

रेषेबाहेरून
कोर्टकचेरी, न्यूटनबद्दलचा आपला मुद्दा मान्य; पण तो २०२४ मध्ये यूकॉनमधल्या दुसऱ्या वर्षात होता, हेही लक्षात घ्यावे. फ्लोरिडाचे क्लेटन आणि रिचर्डही विजेते झाले तेव्हा तिथे नवे नव्हते, फक्त मार्टिन होता. डियाराबाबत मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. राखीव म्हणून ताज्या दमाने येऊन बचाव करणे आणि संपूर्ण सामना चेंडू हाती ठेवून संघ चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढेच म्हणता येईल.

कोर्टकचेरी
मग सवयीपेक्षा भूमिकेचा प्रश्न मोठा ठरतो, आणि तो आपल्या मूळ विधानात नव्हता. माझ्या मते खरी पोकळी सात फूट दोन इंचांच्या क्लिंगनची होती. २०२४ मध्ये इलिनॉयविरुद्ध २३-२३ अशी बरोबरी असताना यूकॉनने सलग ३० गुण मिळवले, ते प्रामुख्याने त्याने बास्केटखाली दार बंद केल्यामुळे. अशा उंचीचा आणि असा बचाव करणारा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) घरीही रोज घडत नाही आणि पोर्टलमध्येही रोज सापडत नाही.