एनसीसी ‘सी’ सर्टिफिकेटवरून आर्मी ऑफिसर : सल्ला हवाय

रानवारा :
मी एफवाय बीएस्सीला आहे, नुकतंच कॉलेजच्या एनसीसीत सिलेक्शन झालं, आर्मी विंग. सीनिअर म्हणतात सी सर्टिफिकेट (एनसीसीचं सगळ्यात वरचं) काढ, मग लेखी परीक्षाच नको, डायरेक्ट एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडीच्या चाचण्या आणि इंटरव्ह्यू. आईचं म्हणणं, परेड आणि कॅम्पच्या नादात मार्क जातील, त्यापेक्षा सीडीएसचा, म्हणजे यूपीएससीच्या सैन्यातल्या ऑफिसर भरतीच्या लेखी परीक्षेचा, क्लास लाव. या वाटेने कोणी गेलंय का? मुलगी आहे, मुलींसाठी काही वेगळं असेल तर तेही सांगा प्लीज.

किल्लेदार :
सीनिअरनी अर्धंच सांगितलंय. सी सर्टिफिकेटवाल्यांसाठीच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीला लेखी परीक्षा नसते हे खरं, पण सी नुसती पास होऊन भागत नाही, निदान बी ग्रेड लागते आणि पदवीला सरासरी ५० टक्के. त्यात हे ५० म्हणजे फक्त अर्ज भरण्यापुरते, जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे आर्मी मार्कांचा कटऑफ लावूनच एसएसबीला बोलावते. म्हणजे आई मार्कांचं म्हणतायत ते बरोबरच आहे, पण त्यासाठी एनसीसी सोडायची गरज नाही. मुलींच्या जागा वेगळ्या असतात, मुलांपेक्षा बऱ्याच कमी. वय १९ ते २५, अविवाहित.

चहाबाज_कॅडेट :
परेडला ७५ टक्के हजेरी सांभाळ, बी आणि सी दोन्ही सर्टिफिकेटना लागते. कॅम्प केल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत, आणि कॅम्प नेमके इंटर्नल्सच्या तोंडावर येतात (का, ते देवालाच ठाऊक), तर तारखा लागल्या की लगेच एएनओ मॅडमना (कॉलेजची एनसीसी बघणाऱ्या) आणि डिपार्टमेंटला सांगून ठेव, नंतर रडून उपयोग नाही. आरडीसी (दिल्लीचा प्रजासत्ताक दिनाचा कॅम्प) मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण त्याच्या मागे लागून वर्ष घालवू नकोस.

माळरान :
एक गैरसमज काढून टाक, एसएसबीत सी सर्टिफिकेटचे जादा मार्क नसतात. पाच दिवस सगळ्यांना सारखेच, पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग आणि निम्म्याहून जास्त जण बॅग उचलून परत. मग सायकॉलॉजी, त्यात एकेक करून ६० शब्द दाखवतात, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. क्लासवाले वाक्यं पाठ करून घेतात, मला ते अजिबात पटत नाही, बोर्डावरच्यांनी ती इतकी वाचलेली असतात की लगेच कळतं. त्यापेक्षा कॅम्पात जबाबदाऱ्या अंगावर घे, मेसचं काम असो की गार्ड ड्यूटी, इंटरव्ह्यूत बोलायला स्वतःचं काहीतरी असतं.

नाशिककर_ :
क्लासला पैसे घालायच्या आधी नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र बघ. सैनिक कल्याणवाले चालवतात, महाराष्ट्रातल्या मुलामुलींना एसएसबीची तयारी फुकट, राहणं-जेवण सुद्धा. सी ला ए किंवा बी ग्रेड आणि एनसीसी ग्रुप हेडक्वार्टरची शिफारस असेल तर घेतात. जाहिरात पेपरात येते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण विचारता येतं.

रानवारा :
बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. मग सीडीएस सोडूनच देऊ का?

किल्लेदार :
सोडू नकोस गं. यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, ओटीएसाठी (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) इंग्रजी आणि जीके एवढेच पेपर, गणित नाही, ते ग्रॅज्युएशनसोबत सहज होतं. आणि एनसीसीतून जा नाहीतर या परीक्षेतून, ट्रेनिंग तेच, चेन्नईच्या ओटीएत ४९ आठवडे, मग लेफ्टनंट. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे १० वर्षं, पुढे ४ वाढवून मिळू शकतात, आईला हे आधीच नीट समजावून सांग, नाहीतर घरी वाटतं की कायमची नोकरी लागली.

चहाबाज_कॅडेट :
आणि मेडिकलला जायच्या आधी ईएनटीकडून कान साफ करून घे. हसू नका लोकहो, मळ निघाला म्हणून टेंपररी रिजेक्ट झालेली पोरं बघितलीयत मी.